उद्यानांतला तलाव कोणाचा?

आमच्या शहरांतून अलीकडे एक नवी हौस वाढीस लागली आहे. जेथें म्हणून एखादें सार्वजनिक उद्यान शिल्लक असेल, जेथें चार झाडांखालीं चार म्हातारे बसलेले दिसतील, तेथें लोकप्रतिनिधींस एकाएकीं पोहण्याचा तलाव दिसूं लागतो. तलावाशेजारीं व्यायामशाळा, व्यायामशाळेवर सभागृह, सभागृहास लागून उपाहारगृह, आणि या सर्वांस मिळून 'समाजकेंद्र' असें भारदस्त नांव. निवडणूक जवळ आली कीं उद्यानाच्या दारावर रंगीत चित्राचा फलक लागतो. चित्रांतलें पाणी निळेंशार असतें, चित्रांतलीं माणसें सडपातळ असतात, आणि त्या उद्यानांत रोज खेळणारीं मुलें मात्र चित्रांत कोठेंच नसतात. या हौसेविषयीं चार शब्द स्पष्ट लिहावेत असें आम्हांस वाटतें.

प्रारंभींच सांगून टाकतों कीं, आम्ही तलावाचे वैरी नाहीं. प्रत्येक मुलाला पोहतां आलेंच पाहिजे असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही आहोंत, आणि या बाबतींत आमचा आग्रह तलाव बांधणाऱ्यांच्या आग्रहाहून कांकणभर अधिकच आहे. दोन पिढ्यांपूर्वीं पोहणें शिकण्यास अर्ज करावा लागत नसे. परीक्षा संपल्या कीं पोराच्या पाठीला सुका भोपळा नाहीं तर पांगाऱ्याचा ओंडका बांधावा, कमरेला दोर लावावा, आणि मामानें किंवा थोरल्या भावानें खुशाल विहिरींत ढकलून द्यावें, असा शिरस्ता होता. नाकातोंडांत पाणी जाई, कठड्यावर बसलेली मंडळी हंसे, आणि थोड्याच दिवसांत ओंडका सुटे. वाई-सांगलीच्या पोरांना कृष्णेनें, कोल्हापूरच्या पोरांना पंचगंगेनें आणि पुण्याच्या पोरांना मुठेनें पोहावयास शिकविलें, आणि त्याबद्दल कधीं फी मागितली नाहीं. (या शाळेंत मुली क्वचितच जात, हें सोयिस्करपणें विसरून तिचें गुणगान करण्यांत अर्थ नाहीं.) आतां शहरांतल्या विहिरी बुजल्या, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि पुण्यांतल्या मुठेचें पाणी पायाला लागलें तर माणूस घरीं जाऊन आंघोळ करतो. शिकण्याच्या जागा गेल्या. बुडण्याच्या जागा तेवढ्या राहिल्या. पावसाळा सुरू झाला कीं धरणांत, धबधब्याखालीं, समुद्रांत तरुण मुलें बुडाल्याच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतों, आणि 'अतिउत्साह नडला' असें म्हणून पान उलटतों. उत्साह नडला हें खरें. पण पोहतां येत नव्हतें हेंही खरें. आपल्या देशांत अपघातानें बुडून मरणाऱ्यांची संख्या सरकारी नोंदींप्रमाणेंच वर्षाला ३० हजारांवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ या एका वर्षांतले जगभरचे असे मृत्यु सुमारें ३ लाख धरले आहेत. तेव्हां मुलांना पोहावयास शिकविणें ही नगरपालिकेची चैन नव्हे. लस टोंचण्याइतकेंच तें तिचें काम आहे.

मोकळ्या जागेंत एक वीटही नको असें म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याच्या बाजूस पुष्कळ न्याय आहे. मुंबईंत दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते, असें विकास आराखड्याच्या चर्चेंत वारंवार सांगितलें गेलें. एवढ्या जागेंत माणसाला आडवें होतां येईल, पण कूस बदलावयाची झाल्यास शेजाऱ्याच्या वांट्यांत जावें लागेल. दादरचें शिवाजी पार्क १९२५ सालीं लोकांस खुलें झालें, तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें. १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. हें मैदान उघडें राहिलें म्हणूनच तेथें क्रिकेटपटू घडले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, आणि संध्याकाळीं कठड्यावर बसून हजारों माणसांनीं आपापलीं दुःखें एकमेकांस सांगितलीं. उघड्या जागेचा गुण असा कीं, तिचा उपयोग कोणी ठरवून द्यावा लागत नाहीं. इमारतीला दार असतें, दाराला कुलूप असतें, आणि किल्ली कोणाच्या तरी खिशांत असते.

इतकें मान्य करूनही या पक्षांतल्या कांहीं सद्गृहस्थांची कळकळ आम्हांस खरी वाटत नाहीं. उद्यानाभोंवतींच्या इमारतींत राहणाऱ्या या मंडळींस हिरवळीची काळजी आहेच. पण तलाव झाला तर पलीकडच्या वस्तींतलीं पोरें येतील, ओल्या अंगानें फाटकाबाहेर वडापाव खात उभीं राहतील, आरडाओरडा करतील, याची काळजी त्याहून अधिक आहे. तसें असेल तर त्यांनीं तसें म्हणावें. झाडाच्या आडून बोलूं नये.

आमचा मुख्य वाद मात्र यांच्याशीं नसून 'तलाव स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे' असें म्हणणाऱ्या हिशेबी मंडळींशीं आहे. हें वाक्य ऐकावयास इतकें शहाणपणाचें वाटतें कीं, सभेंत त्यावर कोणी हरकत घेत नाहीं. आम्ही घेतों. रस्ता स्वतःच्या पायांवर उभा राहतो काय? गल्लीच्या तोंडावरचा दिवा? स्मशान? मग पोहण्याच्या तलावानेंच असें कोणतें पाप केलें आहे कीं त्यानें आपला खर्च आपण काढावा? आणि एकदां हें वाक्य कबूल केलें कीं पुढचें सर्व आपोआप घडतें. खर्च भागविण्यासाठीं फी वाढते. मोठी फी देणाऱ्याला सोयी हव्या असतात, म्हणून उपाहारगृह येतें. तेवढ्यानेंही भागत नाहीं, म्हणून सभागृह लग्नांना द्यावें लागतें. लग्नाला मोटारी येतात, मोटारींस जागा हवी, म्हणून घसरगुंडी आणि झोपाळे हलवितात. इतका पसारा पालिकेस झेपत नाहीं, म्हणून ठेका निघतो; ठेक्याच्या मागें एक संस्था असते आणि संस्थेच्या मागें एक पुढारी. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, या म्हणींतली ओसरी निदान घरमालकाची स्वतःची होती. येथें तीही लोकांची. मुंबईंत हें कांहीं कल्पनाचित्र नाहीं. सांभाळण्याच्या नांवाखालीं मैदानें आणि उद्यानें खाजगी संस्थांच्या हवालीं करण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं कांहींवर सभासदांसाठीं क्लब उभे राहिले. २०१६ च्या जानेवारींत महापालिकेनें मोकळ्या जागा दत्तक देण्याचें धोरण पुन्हां मंजूर केलें, तेव्हां नागरिकांनीं एवढा गिल्ला केला कीं मुख्यमंत्र्यांस त्यास स्थगिति द्यावी लागली. दत्तक हा शब्द येथें कोणीं योजला, त्याचें आम्हांस कौतुक वाटतें. दत्तक जातो तो मुलगा. येथें बापाची इस्टेट दत्तक गेली.

आमचाच एक अनुभव सांगतों. दोन उन्हाळ्यांपूर्वीं आम्ही बहिणीच्या मुलास घेऊन एका सार्वजनिक तलावावर गेलों. खिडकींतल्या गृहस्थानें मान वर न करतां सांगितलें कीं, अर्ज मोबाईलवर भरावा, डॉक्टरचा दाखला जोडावा, पैसे एकदम भरावे, आणि सध्यां जागा नाहीं. ही शेवटची गोष्ट त्यानें प्रथम सांगितली असती तर आमचा अर्धा तास वांचला असता. परत फिरतांना पाहिलें तों उद्यानाच्या माळ्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा जाळीला नाक लावून उभा होता. त्याचा बाप त्याच तलावाभोंवतींच्या रोपांना रोज पाणी घालतो. आम्हीं विचारलें, "पोहतां येतें का रे तुला?" तो म्हणाला, "आत सोडत न्हाईत." "विचारून पाहिलेंस का?" यावर त्यानें आमच्याकडे असें पाहिलें कीं, हे गृहस्थ या शहरांत आजच उतरले असावेत. आम्हांस त्या नजरेचें उत्तर सुचलें नाहीं. (दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावांत २०२३ च्या ऑक्टोबरांत एके पहाटे मगरीचें पिल्लूं सांपडलें होतें, हें वाचकांस आठवत असेल. अर्ज, दाखला आणि पैसे यांवांचून महापालिकेच्या तलावांत पोहल्याचें आमच्या माहितींतलें हें एकच उदाहरण.)

सार्वजनिक पाण्याचा प्रश्न आला कीं मराठी माणसाला महाड आठवलें पाहिजे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून १९२४ सालीं चवदार तळें खुलें असल्याचा ठराव केला. कागदावर सर्व कांहीं यथास्थित झालें. तळें सार्वजनिक झालें. पण त्या तळ्याचें पाणी अस्पृश्यांस मिळालें काय? तीन वर्षें ठराव दप्तरांत राहिला आणि पाणी तळ्यांत राहिलें. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉक्टर आंबेडकर हजारों लोकांसह चालत गेले आणि त्यांनीं ओंजळीनें पाणी घेतलें, तेव्हां कोठें त्या ठरावाची परीक्षा झाली. परीक्षेचा निकाल काय लागला? त्याच वर्षीं ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. आणि उच्च न्यायालयाचा निवाडा हातीं पडण्यास १९३७ साल उजाडलें. पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं स्वतःच्या घरचा हौद १८६८ सालींच मोकळा केला होता. त्यांना ठराव करावा लागला नाहीं. 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर लिहिल्यानें पाणी सार्वजनिक होत नाहीं, हें ज्यांना महाडहून अधिक स्पष्टपणें शिकावयाचें असेल त्यांच्यापुढें आम्ही हात टेकतों.

कोणी म्हणेल, महाडचा प्रश्न जातीचा होता, तुमचा प्रश्न फीचा आहे. दोहोंची सांगड कशास घालतां? दोन्ही एक आहेत असें आम्हीही म्हणत नाहीं. अस्पृश्यतेची बरोबरी कोणत्याही फीशीं करणें हा त्या यातनांचा अपमान होईल. पण जाळीच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हें आज कोणत्याही शहरांत उभें राहून पाहावें. फी आकारणाऱ्यानें जात विचारलेली नसते, तरी रांगा पुष्कळशा जुन्याच लागतात. ब्रीच कँडीचा तलाव साहेबांच्या अमदानींत केवळ युरोपियनांसाठीं होता, आणि आपल्या वडिलांना त्याचा संताप येत असे. तो संताप तत्त्वाचा होता कीं आपण बाहेर राहिलों म्हणून होता, हें आतां आपल्या वागण्यावरून ठरणार आहे.

या ठिकाणीं आमच्या वाचकांस थोडें दूर नेतों, कारण तेथें घडलें तें येथें वेगळ्या रूपानें घडत आहे. अमेरिकेंत सेंट लुई शहरीं फेअरग्राउंड पार्क नांवाचें उद्यान आहे. त्यांतला पोहण्याचा तलाव त्या देशांतल्या अतिविशाल तलावांपैकीं एक. पण पोहावयाचें तें गोऱ्यांनीं. १९४९ च्या जूनच्या २१ तारखेस तो काळ्या मुलांसही मोकळा झाला आणि कांहीं मुलें पाण्यांत उतरलीं. त्याच दिवशीं जाळीभोंवतीं गोऱ्यांचा जमाव जमला, संध्याकाळपर्यंत मारहाण सुरू झाली, आणि महापौरांनीं हुकूम मागें घेतला. पुढल्या वर्षीं न्यायालयानें तलाव सर्वांस खुला करविला. मग गोऱ्या मंडळींनीं काय केलें? दंगा केला नाहीं. तीं येईनाशीं झालीं. तलाव ओस पडला आणि १९५६ सालीं बंद झाला. मिसिसिपींतल्या जॅक्सन शहरानें तर सर्वांस पोहूं द्यावें लागेल म्हणून आपले सार्वजनिक तलाव चालविणेंच सोडून दिलें, आणि १९७१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्यास आडकाठी केली नाहीं. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं खाजगी क्लबांत आणि परसांत तलाव खणले. उरलेल्यांना कांहींच उरलें नाहीं.

आपल्याकडे असा दंगा झाला नाहीं. त्याची गरजच पडली नाहीं, कारण आपण दंग्यावांचूनच बाहेर पडलों. वीस-पंचवीस मजल्यांच्या नव्या इमारतीच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतोच; आपण तो पाहून घर घेतों, मुलांना त्यांत सोडतों, आणि त्या दिवसापासून महापालिकेच्या तलावाचें पाणी हिरवें कीं निळें, शिकविणारा आहे कीं नाहीं, जीवरक्षक झोंपला आहे काय, याची चौकशी आपण करीत नाहीं. तक्रार करण्याचें ज्यांस जमतें, पत्रें लिहितां येतात, नगरसेवकास ज्यांचा फोन उचलावा लागतो, तीं माणसें सार्वजनिक संस्थेंतून उठून गेलीं कीं तिची अवकळा सुरू होते. शाळांचें हेंच झालें, दवाखान्यांचें हेंच झालें. हें आम्ही दुसऱ्या कोणास उद्देशून लिहीत नाहीं. या मासिकाचे वाचक आणि लेखक दोघेही त्यांत आले. आमच्याही इमारतीच्या गच्चीवर एक तलाव आहे, आणि बहिणीच्या मुलाला शेवटीं आम्हीं तेथेंच शिकविलें.

आतां पाण्याविषयीं. ज्या राज्यांत २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि क्रिकेटच्या मैदानांस पाणी कशाला म्हणून न्यायालयानें आयपीएलचे सामने राज्याबाहेर धाडले, तेथें तलाव बांधणाऱ्यानें पाण्याचा हिशेब आधीं दिला पाहिजे. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा ऑलिंपिक मापाच्या तलावांत २५ लाख लिटर पाणी मावतें. माणशीं रोज १३५ लिटर हें शहरांसाठींचें प्रमाण धरलें, तर साडेअठरा हजार माणसांचें एका दिवसाचें पाणी झालें. हें पाणी रोज बदलत नाहींत, गाळून पुन्हां वापरतात, हें आम्हांस ठाऊक आहे. पण यंत्रें नादुरुस्त राहिलीं तर बदलावें लागतें, हेंही ठाऊक आहे. याउलट पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा शिकवणीच्या तलावाला पावणेचार लाख लिटर पुरतात. एका मोठ्या तलावाच्या पाण्यांत असे सहा तलाव भरून वर पाणी उरेल. मग सहा वस्त्यांत सहा लहान तलाव कां नकोत? तर लहान तलावाच्या उद्घाटनाला मोठा पाहुणा येत नाहीं, याखेरीज दुसरें कारण आम्हांस दिसत नाहीं. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनें २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत कांस्यपदक मिळविलें याचा आम्हांसही अभिमान आहे, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठीं शहरांत एखाददुसरा मोठा तलाव हवाच. पण प्रत्येक प्रभागांत ऑलिंपिक कशाला?

पाण्याचें कौतुक करावयाचें तर आम्ही मुरलीकांत पेटकरांचें नांव घेऊं. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेला हा सांगलीकडचा सैनिक उपचार म्हणून पाण्यांत उतरला, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या ऑलिंपिकांत पोहण्याचें सुवर्णपदक घेऊन आला. आज आमच्या सार्वजनिक तलावांपैकीं किती ठिकाणीं चाकांच्या खुर्चींतला माणूस पाण्यापर्यंत पोहोंचूं शकतो? आणि बायकांची वेळ? ती पुष्कळ ठिकाणीं भर दुपारची ठेवतात. म्हणजे नोकरी करणारी कचेरींत असते, घरीं राहणारी मुलांच्या शाळेच्या दारांत असते, आणि मग 'स्त्रियांचा प्रतिसाद अल्प' असा शेरा मारून तीही वेळ काढून घेतात.

उद्यान न खातां तलाव बांधतां येतो काय, असें विचारणाऱ्यांसाठीं एक उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या उत्तर टोंकास, हार्लेम वस्तीच्या बाजूस, १९६६ सालीं लास्कर नांवाचा तलाव बांधण्यांत आला. उन्हाळ्यांत पोहणें, हिवाळ्यांत बर्फावर घसरणें. पण तो बांधतांना उद्यानांतला ओढा नळांत कोंडला आणि टेकडी व सरोवर यांच्या मधोमध कांक्रीटचा ठोकळा बसविला. २०२१ सालीं तो पाडण्यास आरंभ झाला, आणि २०२५ च्या एप्रिलांत त्या जागीं डेव्हिस सेंटर उघडलें. नवी इमारत टेकडींत खुपसली आहे. तिच्या छपरावर गवत आहे आणि लोक त्यावरून चालत जातात. कोंडलेला ओढा पुन्हां उघडा वाहतो. उन्हाळ्यांत तेथें पोहण्यास पैसे पडत नाहींत. खर्च सोळा कोटी डॉलर झाला, तेवढा आपल्याजवळ नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु इमारत लपवावी ही बुद्धि आणि फी घेऊं नये हा निश्चय यांना डॉलर लागत नाहींत.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत लिहितों. नकाशा निविदेनंतर नव्हे, निविदेपूर्वीं उद्यानाच्या दारावर टांगावा, आणि त्यांत आजचीं झाडें व मैदान जसेंच्या तसें दाखवावें. बांधकाम उद्यानांतल्या मोडक्या गुदामाच्या, पडक्या कचेरीच्या किंवा आधींच फरसबंदी केलेल्या जागेवर व्हावें. मातीला हात लावूं नये. सभागृह लग्नाला मिळणार नाहीं, हें करारांतच लिहावें. समाजमंदिर बांधावयाचेंच असेल तर त्यांत एका खोलींत राहणाऱ्या मुलांसाठीं रात्रीं दहापर्यंत उघडी अभ्यासिका असावी, स्वच्छ शौचकूप असावें, पिण्याचें पाणी असावें; काचेच्या भिंती नसल्या तरी चालतील. तलाव पालिकेनें स्वतः चालवावा, आणि शाळेच्या दिवसांत सकाळचा सर्व वेळ पालिकेच्या शाळांतल्या चौथी-पांचवीच्या मुलामुलींस फीवांचून द्यावा. संध्याकाळ बायकांची आणि नोकरदारांची. सभासदत्व मुळींच नसावें; ज्याला यावयाचें त्यानें यावें, रांगेंत उभें राहावें, अंग धुवावें आणि उतरावें.

यंदा फलक लागला कीं आम्ही त्या खिडकीपाशीं पुन्हां जाणार आहोंत. माळ्याच्या मुलाचें नांव पहिल्या तुकडींत आहे कीं नाहीं, एवढेंच विचारूं.